उणे साडेसहा

पहिली फेरीबोट सहा पन्नासला सुटते.
त्याआधी मला दोन डोळे घालायचे असतात.

नखं कापलेली, साबण बिनवासाचा.
हात धुतले की टॉवेलला पुसायचे नाहीत,
टॉवेलची लव बोटावर बसते
आणि बोटावरून थेट बुबुळावर.
म्हणून ओले हात हवेत धरून
मी न्हाणीच्या दारात उभी राहते नवस बोलल्यासारखी,
आणि आई चुलीपासून विचारते,
झाली का गं तुझी आरती?

विहिरीचं पाणी नाही. कितीही गोड असलं तरी नाही.
ज्या पाण्यावर चार पोरं वाढली
ते दोन काचांना का चालत नाही,
हे तिला अजून पटलेलं नाही.
काचा नव्हेत गं त्या, मी म्हणते,
मग काय, माशाचे खवले? ती म्हणते,
आणि खरं सांगायचं तर
तिचंच जास्त बरोबर आहे.

धोपाव्याच्या धक्क्यावर मी तिकिटं फाडते.
चष्मा होता तेव्हा दर दहा मिनिटांनी मीठ साचायचं,
ओढणीनं पुसलं की आणखी पसरायचं.
शंभराची नोट पुढे करणारा मोटारसायकलवाला
मला दिसायचा तो नुसता
एक खारट माणूस.

मग चिपळूण. काद्रींचं दुकान.
तबस्सुमनं पापणी वर धरून पहिली लेन्स ठेवली.
म्हणाली, डोळ्याला कळता कामा नये
की घरात पाहुणा आलाय.
टोचली तर उलटी बसली समज.
बोटाच्या टोकावर घेऊन बघ, वाटी दिसायला हवी,
काठ बाहेर वळून बशी झाली तर फिरव.
आणि डबीतलं पाणी रोज नवं.
कालच्यावर आजचं ओतायचं नाही,
हे काही बांगड्याचं कालवण नव्हे
शिळं झाल्यावर चव धरणारं.

मी सगळं वहीत लिहून घेतलं.
तरी चुलतभावाच्या हळदीहून रात्री दीडला आले
आणि तशीच आडवी झाले.
सकाळी डावा डोळा उघडेना.
उघडला तर आत जांभा चिरा.
आठ दिवस चष्मा, चार वेळा थेंब,
आणि हिशेबाला बसणारे परकार रोज विचारणार,
कुणासाठी रडलीस ते तरी सांग.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत
नाकाच्या बाजूनं मांस चढलंय.
तीस वर्षं सुकाणूवर,
वर ऊन आणि खाली पाण्यातलं ऊन.
त्यांनी माझी डबी एकदाच हातात घेतली, परत ठेवली, म्हणाले,
वाऱ्याला तोंड देऊ नकोस, खांदा दे.
त्या दिवसापासून माझी खुर्ची तिरकी आहे.

गर्दी असली की पापणी मिटायची राहून जाते.
तिकीट, सुट्टे, गाडीचा नंबर, ओ काका मागे घ्या,
आणि चारच्या सुमाराला डोळ्यात वाळू,
नसलेली वाळू.
तेव्हा मी अंजनवेलचा दीपस्तंभ आठवते.
रात्रभर समुद्रावर नजर ठेवतो,
पण मिटत, मिटत.
मग मीही मिटते, दहा वेळा, सावकाश,
वरची पापणी खालचीला टेकेपर्यंत.
समोरच्या रिक्षावाल्याचा काहीतरी गैरसमज झालाय.
होऊ दे.

संध्याकाळी आधी उजवी, मग डावी,
कोलंबी सोलायच्या आधी, मिरचीला हात लावायच्या आधी.
तळव्यावर हलकं बोट फिरवून पाण्यात बुडवायच्या.
सकाळी त्या डोळ्यांत गेल्या की
रिकामी डबी खिडकीत पालथी.
उजवी-डावीची अदलाबदल झाली
तर अख्खा दिवस कललेला जातो,
एकदा गेलाय.

आणि मग ओट्यावर.
समोर दाभोळ नसतंच.
नुसते दिवे, एकेक फणसाएवढा,
काठ नसलेले, एकमेकांत सांडलेले.
दिवसभर नीट दिसल्यानंतर
हे न दिसणं डोळ्यांवर थंड पडतं,
कुणी ओलं फडकं ठेवल्यासारखं.
पाण्यावरून एक पिवळा गोळा हळूहळू मोठा होतो.
त्यात कुठेतरी बाबा असणार.
आले का गं? आतून आई.

काहीतरी येतंय, मी म्हणते.